सार्वजनिक बांधकाम उपविभागात निधीचा जबाबदार वापर : नव्याने रुजू झालेल्या उपअभियंत्यासाठी वर्षभराची कार्यपद्धती

उपविभागाचा कार्यभार स्वीकारल्यावर पहिल्या आठवड्यात हाती पडणाऱ्या कागदांत काटकसरीचे एखादे परिपत्रक हमखास असते. वाहनाचे इंधन, झेरॉक्स, वीज, चहापान यांवर मर्यादा घालणाऱ्या या सूचना पाळाव्यातच. पण पन्नास-साठ कोटींची कामे चालू असलेल्या उपविभागात कार्यालयीन खर्चाची वर्षभराची बचत एकत्र केली, तरी तिच्यातून एखादी चांगली मोरी (रस्त्याखालून पाणी जाऊ देणारे छोटे बांधकाम) बांधून होणार नाही. शाखा अभियंता आणि पुढे उपअभियंता म्हणून महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात काढलेल्या वर्षांत माझे मत असे बनले, की शासनाचा पैसा बहुतांशी निविदा निघण्याच्या आधीच वाया गेलेला असतो : उपलब्ध निधीच्या कितीतरी पट कामे मंजूर करून घेतली जातात तेव्हा, जागेवर न जाता अंदाजपत्रक लिहिले जाते तेव्हा, आणि मोरीचे तोंड गाळाने बुजलेले दिसूनही गाडी पुढे नेली जाते तेव्हा. पुढील कार्यपद्धती उपविभागाच्या पातळीवरची आहे. मान्यता देण्याचे अधिकार वरच्या कार्यालयांकडे असले, तरी त्या मान्यतेला आधार देणारी माहिती उपविभागातूनच जाते, त्यामुळे उपअभियंत्याच्या हातात वाटते त्यापेक्षा बरेच काही असते.

पहिला महिना : दायित्वाची नोंदवही

रुजू होताच कामांची यादी मागितली, तर लिपिक कामाचे नाव, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च एवढे तीन रकाने समोर ठेवतो. या यादीवरून काहीच कळत नाही. स्वतःच्या हाताने किंवा संगणकावर एक नोंदवही नव्याने आखावी आणि तिच्यात प्रत्येक कामासाठी पुढील गोष्टी लिहाव्यात : लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्याखाली पडतो तो क्रमांक), प्रशासकीय मान्यतेचा (काम व त्याचा खर्च मंजूर करणाऱ्या आदेशाचा) क्रमांक, दिनांक व रक्कम, तांत्रिक मान्यतेचा (आराखडा व अंदाजपत्रकाच्या मंजुरीचा) तपशील, करारातील किंमत, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, मुदत, आजवर अदा झालेली रक्कम, सादर झालेली परंतु अदा न झालेली देयके, जागेवर होऊन मोजमाप पुस्तिकेत चढलेले परंतु देयक न झालेले काम, करावयाचे शिल्लक काम, आणि चालू वर्षाची तरतूद. यांपैकी मोजमाप झाले पण देयक नाही हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. खरे दायित्व, म्हणजे शासनाला द्यावी लागणारी रक्कम, नेमके तिथेच लपलेले असते, कारण निधी नाही म्हणून शाखा अभियंता देयक लिहीतच नाही आणि कागदावर थकबाकी दिसत नाही.

नोंदवही पूर्ण झाल्यावर लेखाशीर्षनिहाय बेरीज करावी. रस्ते व पुलांची देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली, नवीन बांधकाम व मोठ्या सुधारणा ५०५४ खाली, इमारतींची दुरुस्ती २०५९ खाली आणि शासकीय इमारतींचे भांडवली काम ४०५९ खाली येते. एका शीर्षाची शिल्लक दुसऱ्याच्या कामी येत नसल्यामुळे सर्वांची मिळून एकच बेरीज दिशाभूल करते. मग त्या शीर्षाखालील शिल्लक दायित्वाला गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष मिळालेल्या निधीच्या वार्षिक सरासरीने भागावे. समजा, ५०५४ खाली ४२ कोटींचे काम आणि देयके शिल्लक आहेत व वर्षाला सरासरी १४ कोटी मिळतात. तर एकही नवे काम न घेता हाती असलेली कामे संपवायला तीन वर्षे लागतील. त्यात २० कोटींची नवी कामे आली, की हाच हिशेब जवळपास साडेचार वर्षांवर जातो, आणि करारातील मुदत मात्र बारा किंवा अठरा महिन्यांचीच असते. हे गुणोत्तर दोनच्या आत राहिले तर उपविभाग सुस्थितीत आहे असे मी मानत असे. तीनच्या पुढे गेल्यावर कंत्राटदाराशी होणारा प्रत्येक संवाद देयकापासून सुरू होतो आणि देयकापाशीच संपतो.

दायित्वाच्या या फुगवट्याची किंमत कुठे मोजावी लागते ते जागेवर दिसते. टोकन (नाममात्र) तरतुदीवर कार्यारंभ आदेश दिला जातो, कंत्राटदार खडीकरणापर्यंत काम आणतो, पहिले चालू देयक अंशतः मिळते आणि काम थांबते. डांबराचा थर न पडलेली खडी वाहनांच्या चाकांखाली सुटू लागते, तिच्या फटींत भरलेला मुरूम पहिल्या दोन जोरदार पावसांत धुऊन जातो, आणि दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू करताना तीच खडी उकरून, नवी मिसळून, पुन्हा दाबून घ्यावी लागते. हा खर्च कोणी सोसायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. कंत्राटदार मुदतवाढ मागतो, भाववाढीचा दावा लावतो, आणि शेवटी सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव करावा लागतो. देयके वर्ष-दीड वर्ष अडकणार हे गृहीत धरून कंत्राटदार बँकेच्या व्याजाचा बोजा पुढच्या निविदेच्या दरात घालतात किंवा मालाच्या दर्जात काढतात. थकीत देयकांसाठी २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी केलेली आंदोलने सर्वांनी पाहिली आहेत. त्यांचा रोष थकबाकीवर होता, पण थकबाकीचे मूळ मान्यतेच्या टप्प्यावर असते.

आता उपअभियंत्याने करायचे काय? नव्या कामाचा प्रस्ताव विभागीय कार्यालयाला पाठवताना सोबत एक परिच्छेद न चुकता जोडावा : या लेखाशीर्षाखाली उपविभागात अमुक कामे प्रगतीत आहेत, त्यांचे शिल्लक दायित्व अमुक आहे, चालू वर्षाची तरतूद अमुक आहे. अभिप्राय द्यायचा नाही, मत मांडायचे नाही, फक्त आकडे लिहायचे. लोकप्रतिनिधींकडून आलेल्या मागणीला उपअभियंता नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. रस्त्याची मागणी करणे हे त्यांचे कामच आहे. मात्र त्यांच्यासमोरही हाच तक्ता ठेवला, तर पाच कामे अर्धवट ठेवण्यापेक्षा दोन पूर्ण करून घेऊ असे म्हणणारे आमदार मी पाहिले आहेत. नारळ फोडलेल्या रस्त्यावरची सुटलेली खडी मतदारसंघात त्यांनाच ऐकून घ्यावी लागते.

दुसरी पायरी : रस्ता स्वतः पाहणे, आणि पाण्याच्या बाजूने पाहणे

गाडीतून रस्ता पाहिल्यास फक्त खड्डे दिसतात. खड्ड्याचे कारण दिसण्यासाठी उतरून साईडपट्टीवरून चालावे लागते. डांबरी पृष्ठभागाचा मध्य उंच आणि कडा खाली असा उतार जास्त पावसाच्या भागात साधारण २.५ टक्के ठेवतात, म्हणजे ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ४७ मिलिमीटर. कडेची साईडपट्टी वर्षानुवर्षे मुरूम टाकून, गवत वाढून एवढी जरी वर आली, तरी हा सारा उतार निष्फळ होतो आणि पाणी डांबराच्या कडेलाच उभे राहते. ते खाली झिरपते, पाया मऊ होतो, आणि एसटीचे किंवा उसाच्या ट्रॉलीचे चाक कडेवर आले की डांबराची कड मोडते. त्यावर दरवर्षी पॅचवर्क केले जाते. खरे काम मात्र साईडपट्टी खरवडून खाली घेण्याचे असते, आणि ते एका जेसीबीने दिवसाला बरेच अंतर होते.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. माझ्याकडील एका प्रमुख जिल्हा मार्गावर साखळी क्रमांक ७/४०० (सात किलोमीटर चारशे मीटर) जवळ नळीच्या मोरीपाशी रस्ता तीन पावसाळ्यांत तीनदा खचला. दरवेळी मुरूम, खडी आणि डांबर असा पूर्ण थरांचा खर्च होऊन जागा पूर्ववत होई. तिसऱ्या वर्षी मैलकामगाराला (रस्त्याच्या देखभालीवरील मजुराला) सोबत घेऊन खाली उतरलो, तेव्हा वरच्या अंगाची नळी शेताच्या बांधाच्या मातीने दोन-तृतीयांश भरलेली होती आणि खालच्या अंगाला गावकऱ्यांनी टाकलेल्या जुन्या छपराच्या पन्हाळ्या अडकल्या होत्या. पाणी नळीतून न जाता भरावातून वाट काढत होते. चार मजुरांचे दोन दिवसांचे काम होते. ती मोरी त्यानंतर खचली नाही, आणि आधीची दोन वर्षे तिच्यावर झालेला खर्च मात्र मोजमाप पुस्तिकेत अगदी नियमानुसार नोंदलेला आहे. लेखापरीक्षणात त्यावर कधीही आक्षेप निघणार नाही. नियमात बसणारा खर्च आणि शहाणपणाचा खर्च यांत असा फरक पडू शकतो.

म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उपविभागातील प्रत्येक मोरी, पूल आणि गटाराची पाहणी करून घ्यावी आणि शाखा अभियंत्याकडून साखळी क्रमांकनिहाय यादी मागावी. मे महिन्यात सफाई, आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर त्याच यादीवरून पुन्हा एक फेरी. पहिल्या पावसात छत्री घेऊन उभे राहिले, तर अर्ध्या तासात जे समजते ते उन्हाळ्यातल्या चार भेटींत समजत नाही. पुलांची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करून ती लेखी नोंदवायची असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि वाहने नदीत पडून माणसे मृत्युमुखी पडली. तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, पण गेलेल्या जिवांचा हिशेब कोणत्याही लेखाशीर्षात बसत नाही. पायाजवळची झीज, दगडी बांधकामातून निघालेला चुना, भेगांत रुजलेली पिंपळाची रोपे, बुजलेले पाणीनिकास या नोंदी छायाचित्रासह घ्याव्यात, आणि गंभीर बाब दिसल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे.

नूतनीकरणाचा हिशेबही याच वेळी करून ठेवावा. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर २० मिलिमीटर कारपेट (पातळ डांबरी थर) व सील कोटाच्या (त्यावरील पाणीरोधक लेपाच्या) नूतनीकरणाचे आवर्तन साधारण पाच वर्षांचे धरले आणि उपविभागात ३०० किलोमीटर डांबरी रस्ते असले, तर दरवर्षी ६० किलोमीटर नूतनीकरण व्हायला हवे. निधी ३५ किलोमीटरचाच मिळत असेल, तर वर्षाला २५ किलोमीटरचा अनुशेष वाढतो आणि चार वर्षांत १०० किलोमीटर रस्ता नूतनीकरणाच्या अवस्थेतून मजबुतीकरणाच्या अवस्थेत जातो, जिथे किलोमीटरमागील खर्च कित्येक पटींनी वाढलेला असतो. ही एका पानाची आकडेमोड वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या मागणीला जोडून पाठवावी. मागणी पूर्ण होईलच असे नाही, परंतु निधी मिळाल्यावर तो कोणत्या रस्त्यावर आधी लावायचा याचा क्रम त्यातून ठरतो. पृष्ठभाग जुना झाला आहे पण पाया शाबूत आहे, असा रस्ता आधी घ्यावा. पूर्ण उखडलेल्या रस्त्यावर पातळ कारपेट टाकून लोकांना दोन महिने गप्प करण्याचा मोह टाळावा. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, कारण ओरड नेहमी उखडलेल्या रस्त्यावरूनच येते.

तिसरी पायरी : अंदाजपत्रक

अंदाजपत्रक कार्यालयात बसून जुन्याची नक्कल करून तयार होते, ही या खात्यातील सर्वांत महागडी सवय आहे. नक्कल करताना जुन्या कामातली एखादी बाब, जिची या जागी गरज नाही, तशीच येते. आणि जिची गरज आहे ती राहून जाऊन पुढे अतिरिक्त बाब म्हणून उगवते. तांत्रिक मान्यतेसाठी पाठवण्यापूर्वी उपअभियंत्याने पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात.

पहिली बाब वाहतूक अंतराची, ज्याला आपण लीड म्हणतो. खडी, मुरूम, वाळू आणि डांबर कुठून येणार हे दाखवणारा लीड चार्ट दरावर थेट परिणाम करतो. समजा, तक्त्यात खडीची खाण ४२ किलोमीटरवर दाखवली आहे, पण २४ किलोमीटरवर परवानाधारक क्रशर चालू आहे. कामाला ३,००० घनमीटर खडी लागते आणि वाहतुकीचा फरक घनमीटरला किलोमीटरमागे ८ रुपये धरला, तर १८ किलोमीटरचे घनमीटरमागे १४४ रुपये आणि एकूण ४ लाख ३२ हजार रुपये विनाकारण वाढले. उलटही होते : जवळची खाण दाखवली जाते, तिची मुदत संपलेली असते, आणि कंत्राटदार काम परवडत नाही म्हणून थांबवतो. म्हणून वर्षातून एकदा तालुक्यातील चालू खाणी आणि क्रशर यांची यादी तहसील कार्यालयाच्या गौण खनिज शाखेकडून घेऊन अंतरे गाडीच्या मीटरवर मोजावीत. एका दिवसाचे काम आहे.

दुसरी बाब रस्त्याच्या थरांची. जाडी ही परंपरेने ठरत नसते. खालच्या मातीची ताकद आणि त्या रस्त्यावरील जड वाहतूक यांवरून भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ३७ या संहितेनुसार ती काढावी लागते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीचे सीबीआर मूल्य (भार पेलण्याच्या ताकदीचे माप) पुष्कळदा दोन-तीन टक्क्यांपुढे जात नाही, तर कोकणातील जांभ्याच्या मुरमावर तेच बरेच चांगले निघते. दोन्हीकडे एकच छेद काढणारे अंदाजपत्रक एका ठिकाणी पैसा वाया घालवते आणि दुसऱ्या ठिकाणी रस्ता. वाहतूक गणना जुनी असल्यास साखर कारखान्याचा हंगाम धरून नव्याने करावी. जूनमध्ये केलेल्या गणनेत उसाच्या गाड्या नसतात. काळ्या मातीच्या पट्ट्यात डांबराच्या जाडीवर जास्त खर्च करण्यापेक्षा चांगल्या मुरमाचा पुरेसा जाड थर आणि बाजूच्या चऱ्या यांवर आधी खर्च करावा, असे माझे अनुभवाचे मत आहे.

तिसरी बाब अशी, की उंचसखलपणा काढण्यासाठी लागणारे डांबरमिश्रण, म्हणजे प्रोफाईल करेक्शन, हे अंदाजाने धरू नये. या बाबीचे परिमाण काम झाल्यावर तपासता येत नाही, कारण ते वरच्या थराखाली गाडले जाते. दर दहा मीटरवर लेव्हल (पृष्ठभागाच्या उंचीची मोजणी) घेऊन, तक्ता काढून, त्यावर शाखा अभियंत्याची व स्वतःची सही करून तो अंदाजपत्रकाला जोडावा. काम सुरू होण्यापूर्वी पुन्हा लेव्हल घ्याव्यात.

जागेचे अडथळे अंदाजपत्रकाआधीच मिटवायचे असतात. रुंदीकरणाच्या हद्दीतील विजेचे खांब, पाणीपुरवठ्याची नळी, झाडे, खासगी जमीन, वनखात्याची हद्द यांपैकी एक जरी गोष्ट शिल्लक असताना कार्यारंभ आदेश दिला, तर उशिराची जबाबदारी विभागावर येते आणि कंत्राटदाराचा दावा लवादात उभा राहतो. वापरता येण्याजोगे स्थानिक साहित्यही याच वेळी शोधावे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, एकलहरे, भुसावळ, पारस या औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात भरावासाठी राख मिळू शकते. जुना डांबरी थर खरवडून निघणारे साहित्य मोजून ताब्यात घ्यावे. ते कंत्राटदाराच्या शेतरस्त्यावर गेलेले मी पाहिले आहे.

निविदेचा टप्पा

यावर फार लिहिण्याची गरज नाही, कारण महाटेंडर्स या शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळामुळे प्रक्रिया बरीच ठरलेली आहे. दोन गोष्टी मात्र उपविभागातून बिघडतात. एकाच रस्त्याचे सलग काम लहान रकमांच्या तुकड्यांत विभागून प्रस्तावित करणे हे नियमाला धरून नाही आणि महागही पडते, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र यंत्रसामग्री, स्वतंत्र चाचण्या, स्वतंत्र कागद लागतात. दुसरे असे, की अंदाजपत्रकीय किमतीपेक्षा फारच कमी दराने आलेली निविदा पाहून हुरळून जाऊ नये. अशा निविदेसाठी अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली जाते ती उगाच नाही. वीस-पंचवीस टक्के कमी दराने काम घेणारा तो फरक कोठून तरी भरून काढणार, आणि ते ठिकाण बहुधा डांबराचे प्रमाण किंवा थराची जाडी असते. अशा कामावर शाखा अभियंत्याची उपस्थिती दुप्पट ठेवावी.

चौथी पायरी : काम चालू असताना

दहा किलोमीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद रस्त्याचे क्षेत्रफळ ३७,५०० चौरस मीटर होते. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा बिटुमिनस मॅकॅडमचा (खडी-डांबराच्या मिश्रणाचा) थर म्हणजे १,८७५ घनमीटर. जाडी सर्वत्र फक्त ५ मिलिमीटर कमी भरली, तर १८७.५ घनमीटर, म्हणजे दहा टक्के माल पडलेलाच नसतो. एवढीशी ही तूट डोळ्यांना दिसत नाही; ती कोअर (थराचा गोल नमुना) कापून किंवा मिश्रणाच्या वजनाच्या पावत्यांचा क्षेत्रफळाशी मेळ घालूनच समजते. म्हणून प्लांटवरून निघणाऱ्या प्रत्येक डंपरची पावती, वेळ आणि साखळी क्रमांक रोज एका वहीत उतरवून संध्याकाळी बेरीज करावी. रिफायनरीतून आलेल्या डांबराची मूळ चलने देयकासोबत घेऊन, त्यांवर कामाचे नाव लिहून, रद्द असा शिक्का व सही करावी. एकच चलन दोन उपविभागांत फिरण्याची वाट त्याने बंद होते.

मुरमाच्या बाबतीत ब्रासचा घोळ लक्षात ठेवावा. कंत्राटदार ब्रासमध्ये बोलतो, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण तो बोलतो ते डंपरमधल्या सुट्या मुरमाबद्दल आणि आपण पैसे देतो ते पाणी मारून रोलरने दाबलेल्या थराबद्दल. मोजमाप नेहमी दाबलेल्या थराचे, लेव्हलवरून घ्यावे. डंपर मोजून झालेल्या देयकात दाबून कमी होणारा सारा भाग शासनाच्या खिशातून जातो.

मोजमाप पुस्तिकेची शिस्त जुनी आहे, पण तिचे कारण तरुण अभियंत्यांना कोणी सांगत नाही, त्यामुळे ती जाचक वाटते. पाने क्रमांकित असतात, पान फाडायचे नाही, नोंद जागेवर शाईने करायची, खाडाखोड न करता चुकीच्या आकड्यावर रेघ मारून वर नवा आकडा लिहून सही करायची. न्यायालयात, लवादापुढे आणि महालेखापालांच्या पथकासमोर शेवटी हीच वही उभी राहते. कच्च्या कागदावर मोजमाप घेऊन महिन्याने वहीत उतरवण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद करावी.

परिमाणांतील वाढ हा वेगळा धोका आहे. बी-१ या आपल्या विभागाच्या छापील नमुन्यातील करारात एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतील परिमाणाच्या १२५ टक्क्यांपलीकडे गेले, की कलम ३८ लागू होते आणि दराचा प्रश्न नव्याने उभा राहतो. दर चालू देयकाच्या वेळी प्रत्येक बाबीचे झालेले परिमाण निविदेशी ताडून पाहावे आणि ९० टक्क्यांवर पोहोचताच विभागीय कार्यालयाला लेखी कळवावे. काम आधी करून मंजुरी नंतर मागणे ही सवय चांगल्या अभियंत्यांनाही अडचणीत आणते. हेतू शुद्ध असतो, पण कागदावर हेतू दिसत नाही.

देयकातून होणाऱ्या वजाती वेळेत आणि बरोबर व्हाव्यात. आयकर व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबासाठी १ टक्का व इतरांसाठी २ टक्के, अडीच लाखांवरील करारात जीएसटीची २ टक्के कपात, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी). कपात करून भरणा उशिरा झाला, तर व्याज लागते, आणि ते व्याज कोणत्याच लेखाशीर्षात बसवता येत नाही.

दोषदायित्वाची दिनदर्शिका

करारानुसार काम पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षे दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते. तरीही पावसाळ्यानंतर खड्ड्यांची ओरड झाली, की वार्षिक देखभालीच्या निधीतून सरसकट पॅचवर्क केले जाते आणि त्यात दोषदायित्वाखालील रस्तेही भरले जातात. एकाच कामाचे दोनदा पैसे देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. प्रत्येक कामाचा दोषदायित्व कालावधी संपण्याचा दिनांक दिनदर्शिकेवर लिहून, त्याच्या तीन महिने आधी शाखा अभियंत्यासह संयुक्त पाहणी करावी, दोषांची यादी कंत्राटदाराला पोच घेऊन द्यावी आणि दुरुस्ती झाल्याशिवाय सुरक्षा अनामत परत करण्याची शिफारस करू नये. पॅचवर्कच्या यादीवर सही करण्यापूर्वी ही दिनदर्शिका शेजारी ठेवावी.

इमारती

शासकीय इमारतींत दोनच गोष्टींवर भर द्यावा. गच्चीवरील पावसाळी पाइपांची तोंडे मेमध्ये साफ केली, तर वॉटरप्रूफिंगचे निम्मे प्रस्ताव येत नाहीत. गळती दिसली, की थेट नवा कोबा घालण्याआधी पाणी साठवून चाचणी घ्यावी, कारण पुष्कळदा पाणी गच्चीतून नव्हे तर वरच्या टाकीच्या जोडातून येत असते. दुसरी गोष्ट वीजबिलाची. उच्चदाब जोडणी असलेल्या इमारतीत करारातील मागणी (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) आणि प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी यांची बारा महिन्यांची तुलना करावी. वापर कमी असला तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर आकार लागतच राहतो. विद्युत उपविभागाला एक पत्र आणि करार मागणी कमी करण्यासाठी महावितरणकडे एक अर्ज एवढ्यावर ही बचत दरमहा होते.

ताळमेळ, आठमाही आणि मार्च

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विभागीय लेखाधिकाऱ्यांकडे जाऊन आपल्या नोंदवहीतील खर्च त्यांच्या खर्चाशी ताडून घ्यावा. चुकीच्या शीर्षाखाली पडलेला खर्च त्याच महिन्यात सापडला, तर एका पत्रावर दुरुस्त होतो. वर्षअखेरीस सापडला, तर तो विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रवास करतो. बीम्स या शासनाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर वितरित झालेला निधी आणि कामनिहाय गरज यांचा तक्ताही याच वेळी अद्ययावत करावा.

चारमाही आणि आठमाही अंदाज, म्हणजे वर्षाचे चार व आठ महिने सरल्यावर द्यायचे सुधारित अंदाज, भरताना गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवण्याची पद्धत सोडून, नोंदवहीतील शिल्लक काम आणि जागेवरील गती पाहून आकडा द्यावा. जे काम भूसंपादनासाठी अडले आहे आणि मार्चपर्यंत सुटणार नाही, त्याची तरतूद आठमाहीतच प्रत्यार्पित (परत) केली, तर ती पुनर्विनियोजनातून (निधीच्या फेरवाटपातून) दुसऱ्या एखाद्या चालू कामाला मिळू शकते. ३१ मार्चला परत केलेला निधी कोणाच्याच उपयोगाचा नसतो. आपला निधी सोडला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल ही भीती सार्वत्रिक आहे आणि अगदीच निराधारही नाही. तरीही सलग दोन वर्षे अचूक अंदाज देणाऱ्या उपविभागाच्या मागणीवर वरिष्ठ कार्यालयाचा विश्वास बसतो, हे मी अनुभवले आहे.

मार्चमध्ये निधी अचानक येतो, आणि त्या पंधरवड्यात सर्वाधिक चुका होतात. त्यासाठी फेब्रुवारीच्या अखेरीस एक यादी तयार असावी : मोजमाप झालेली, चाचणी अहवाल आलेली, तांत्रिक पूर्तता असलेली देयके, सर्वांत जुने देयक सर्वांत वर अशा क्रमाने. निधी आला, की यादीच्या क्रमाने देयके पुढे जातील. न झालेल्या कामाचे मोजमाप लिहून निधी वाचवण्याची सूचना तोंडी येऊ शकते. अशी सूचना लेखी मागावी. ती सहसा येत नाही.

बदलीचा आदेश आल्यावर कार्यभार यादीत फर्निचर, वाहन आणि मोजमाप पुस्तिकांचे क्रमांक असतातच. त्यांच्यासोबत दायित्वाची नोंदवही, मोऱ्यांची यादी, दोषदायित्वाची दिनदर्शिका आणि खाणींच्या अंतरांचा तक्ता यांची एकेक प्रत जोडून पोच घ्यावी, आणि शक्य झाल्यास नव्या अधिकाऱ्याला एक दिवस गाडीत बसवून खचणाऱ्या जागा साखळी क्रमांकासह दाखवून द्याव्यात.